लसूण सोनेरी होईपर्यंत

सोमवारी सकाळी, कपातला चहा अजून निम्माही झाला नव्हता, तेव्हा त्याच्या तोंडून एक धडधडीत थाप निघून गेली. आयुष्यात त्याने थापा मारल्या नव्हत्या असं नाही. पण त्या सगळ्या बचावाच्या, 'अंग मोडून आलं होतं', 'फोनच लागत नव्हता' अशा जातीच्या. ही मात्र निव्वळ हौसेने मारलेली थाप होती, आणि हौसेची सवय नसल्यामुळे ती कुठे आवरायची हे काही त्याला कळलं नाही. झालं असं, की छापखान्यात पंधरवड्यापूर्वी नव्या मॅडम आल्या होत्या. छापखाना पाकिटांचा आणि लेबलांचा. बिस्किटं, साबण, कडधान्यं, मांजरांचं खाणं, जे जे पिशवीत भरून विकता येतं त्याच्यावर जे काही छापावं लागतं ते इथे छापलं जाई, आणि छापण्याआधी ते सगळं तो वाचत असे. बावीस वर्षं तो मुद्रितशोधक होता. जगात कुणीही वाचत नाही तो मजकूर तो रोज आठ तास वाचायचा, आणि त्यात सुटलेला एखादा अनुस्वार सापडला की त्याच्या चेहऱ्यावर गळाला मासा लागल्यासारखं समाधान पसरायचं. त्यावरून त्याचं नाव 'अनुस्वार' पडलं होतं. तोंडावर 'अनुस्वारराव'. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं तेवढंच. तर नव्या मॅडमनी त्या सोमवारी सगळ्यांना लांब टेबलाभोवती बसवलं आणि म्हणाल्या, "आज कामाचं काही नाही. प्रत्येकाने स्वतःबद्दल एक अशी गोष्ट सांगायची, जी इथे कुणालाच ठाऊक नाही." यंत्रावरच्या माणसाने सांगितलं, की तो लहानपणी विहिरीत पडला होता आणि तिथे एका कासवाने त्याला सोबत केली. टपाल सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितलं, की त्यांनी एकदा चोराला चप्पल फेकून मारली, ती पोलिसाला लागली. हशा पिकला. आणि मग सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

त्याने घाईघाईने स्वतःच्या आत डोकावून पाहिलं. आत कुणी नव्हतं. विहीर नाही, कासव नाही, फेकलेली चप्पल नाही. छप्पन्न वर्षांत आपल्या हातून जे काही झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि जे कुणाला ठाऊक नाही ते झालेलंच नाही, हे त्याला तेव्हा, इतक्या लोकांसमोर, पहिल्यांदा कळलं. समोर त्याचंच एक मुद्रित पडलं होतं, काबुली चण्यांच्या पाकिटाचं. मागच्या बाजूला ग्राहकांसाठी पाककृती होती. ती त्याने त्या आठवड्यात अकरा वेळा वाचली होती, सुलट आणि उलट, कारण उलट वाचलं की चुका जास्त सापडतात. ती त्याला तोंडपाठ होती, स्वल्पविरामांसकट. आणि त्याचं तोंड त्याला न विचारता उघडलं. "मी," तो म्हणाला, "स्पॅनिश पद्धतीचे पालक-चणे करतो." एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "बरे होतात. लसूण तेवढा सोनेरी व्हावा लागतो."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही? स्वतः करता?"

"हो, म्हणजे... रविवारचं."

"अहो, मी दोन वर्षं तिकडे होते शिकायला! माझी घरमालकीण दर शुक्रवारी करायची. परत आल्याला अकरा वर्षं झाली, कुठे तसं खाल्लं नाही. अनुस्वारराव, मी येणार हं. या रविवारी. मीच स्वतःला बोलावून घेतेय, राग नाही ना?"

राग कसला? भीती होती. घरी चहाचं आधण कुठल्या भांड्यात ठेवतात हे ज्याला सांगता आलं नसतं, त्या माणसाकडे प्रत्यक्ष त्या देशात दोन वर्षं दर शुक्रवारी तोच पदार्थ खाल्लेली बाई जेवायला येणार होती. एवढं मोठं जग, एवढे पदार्थ, आणि याच एका बाईने याच एका गावात जाऊन हेच एक खावं! दुपारभर तो एका साबणाच्या वेष्टनावर 'सुगंध' हा शब्द बघत बसला आणि तो बरोबर आहे की चूक हे त्याला ठरवता येईना.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला सांगायचं असं त्याने जिन्यावर ठरवलं, आणि दार उघडल्यावर ते पुढे ढकललं. ती उत्तरपत्रिका तपासत बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची. घरात दोघंही लाल शाईवर जगणारे. मुलगी लहान असताना म्हणायची, आपल्या घरात चूक पाहुणी आली तरी तिला बसायला खुर्ची मिळणार नाही. मुलगी आता नोकरीला परगावी होती आणि चुका करायच्याच असतील तर त्या तिकडे करत होती. जेवायला बसल्यावर बायकोने सूप वाढलं, स्वतः दोन चमचे घेतले आणि रोजच्यासारखं विचारलं, "बरं झालंय ना?" त्याने एक घोट घेतला. खारट. समुद्रातून सरळ वाटीत काढल्यासारखं खारट. "छान," तो म्हणाला. सहा महिने तो हे म्हणत होता. सहा महिन्यांपूर्वी तिला ताप आला, तीन दिवसांत गेला, आणि जाताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आठवड्यात येईल, महिन्यात येईल, वर्षातही येईल, कधीकधी येतही नाही. "म्हणजे उत्तर काहीही लिहिलं तरी मार्क मिळणार," ती म्हणाली होती, आणि घरी येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत, "चला, तुमच्या मोज्यांच्या तावडीतून तरी सुटले." तो हसला होता. नंतर त्याला वाटत राहिलं, की तेव्हा हसायचं नव्हतं. पण नेमकं काय करायचं होतं ते त्याला तेव्हाही सुचलं नाही आणि आताही सुचत नव्हतं. तिला अन्नाची चव म्हणजे पुठ्ठा झाली होती. मिठाचं तेवढं जिभेला कळायचं. मग तिचा हात मिठाकडे जायचा, जरा आणखी, अजून जरा, अंधारात भिंत चाचपत जावं तसा. पहिल्यांदा जेव्हा भाजी तोंडात घालवेना, तेव्हा त्याने पाण्याबरोबर ती गिळली आणि म्हटलं, एखादा दिवस. मग तो एखादा दिवस आठवड्यातून चारदा यायला लागला. बावीस वर्षांत ज्याने मांजराच्या खाण्याच्या पाकिटावरची वेलांटीदेखील ऱ्हस्वाची दीर्घ होऊ दिली नव्हती, तो घरच्या ताटात रोज ढळढळीत चूक बघत होता आणि तिच्यावर 'छान' असा शिक्का मारून ती पुढे सोडत होता. छापखान्यात तो केळी खाऊन पोट भरायचा. टपालाच्या बाईंना वाटायचं, त्याने कसलं तरी व्रत धरलंय.

मंगळवारी त्याने सांगितलं नाही. बुधवारी त्याला सांगावंच लागलं नाही. दार उघडून आत पाऊल टाकतो तोच ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी, हाताची घडी, चेहरा गंभीर. वर्गातल्या शेवटच्या बाकावर तीस वर्षं जो चेहरा बघून पोरं खाली माना घालत आली असतील, तो.

"अहो, तुम्ही पालक-चणे फार सुंदर करता म्हणे."

त्याच्या हातातली छत्री उघडीच राहिली.

"तुमच्या मॅडमचा फोन होता. येताना काय आणू विचारत होत्या. म्हणाल्या, नशीबवान आहात, नवरा इतक्या हौसेने स्वयंपाक करतो. मी म्हटलं, हो ना. एकोणतीस वर्षं मी हेच म्हणतेय."

"अगं, ते असं झालं..." म्हणून त्याने विहिरीपासून, कासवापासून, चपलेपासून सगळं सांगितलं. सांगता सांगता ते त्यालाच इतकं केविलवाणं वाटलं, की शेवटी तो गप्पच झाला. आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग ती चौकट धरून खाली बसली, मग डोळ्यांतून पाणी. घरात असं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, हे ते ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं. एखाद्या खोलीतलं घड्याळ बंद पडल्याचं ते परत सुरू झाल्यावर कळतं तसं. "मॅडमना कळवू का, मला बरं नाही म्हणून?" त्याने विचारलं. "खबरदार," ती डोळे पुसत म्हणाली. "लोकांना जेवायला बोलावून तोंड लपवायचं नाही. करायचं. तुम्हीच करायचं. मी स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकणार नाही. दारात खुर्ची टाकून बसेन आणि बघेन."

शनिवारी तो पालक आणायला गेला. पाककृतीत 'पालक, निवडून व धुऊन, अर्धा किलो' असं होतं. पण अर्धा किलो पालक म्हणजे केवढा ढीग याची त्याला कल्पना नव्हती. भाजीवालीने तो तराजूत घातला तेव्हा एवढासा वाटला, म्हणून त्याने आणखी घ्यायला लावला, आणि पिशवीत घातल्यावर तो इतका झाला, की ती म्हणाली, "भाऊ, गाय बांधलीय का घरी?" चणे त्याने संध्याकाळीच भिजत घातले. सबंध किलोभर घातले, कारण पाकीट किलोचं होतं आणि उघडलेलं पाकीट पुन्हा बांधून ठेवायची कल्पना त्याला अर्धवट राहिलेल्या वाक्यासारखी वाटली. रविवारी सकाळी उठून बघतो तर चण्यांनी पातेल्याचं झाकण उचलून धरलं होतं आणि पंधरावीस चणे ओट्यावरून खाली उतरून न्हाणीघराच्या वाटेला लागले होते. बायको दात घासत ते ओलांडून गेली.

अकरा वाजता तिने खरोखरच दारात खुर्ची टाकली. मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, हातात लाल पेन, पावलं नेमकी उंबऱ्याच्या अलीकडे. चणे शिजले होते. ते कामच असं, की त्यात माणसाला फार काही बिघडवता येत नाही. मग त्याने पालक कढईत घातला. डोंगराएवढा पालक, दोन्ही हातांनी दाबून, वरून झाकण, झाकणावर हात. पाच मिनिटांनी झाकण काढलं तर तळाशी मूठभर काहीतरी हिरवं बसलं होतं. त्याने वाकून कढईखाली पाहिलं. "गेला कुठे?" तो म्हणाला. "तो असाच असतो," दारातून आवाज आला. आणि पेन कागदावर चर्रकन ओढल्याचा आवाज. त्याला आईची आठवण झाली. आईच्या स्वयंपाकघराला दार नव्हतं, पण अंगात दार होतं तिच्या, तो पाणी प्यायला आत आला तरी ती म्हणायची, "जा बाबा बाहेर, इथे तुझं काय अडलंय?" प्रेमानेच म्हणायची. वडीलही चौकटीपाशी उभे राहून हाका मारायचे, जणू आत वाघ आहे. लहानपणी त्याला वाटायचं, आत काहीतरी मोठं गुपित चालतं, म्हणून पुरुषांना येऊ देत नाहीत. आज पन्नाशी उलटल्यावर तो त्या गुपितात उभा होता, आणि गुपित एवढंच होतं, की पाय दुखतात, वाफ चष्म्यावर बसते आणि कुठलीच गोष्ट पाककृतीत लिहिलीय तेवढ्या वेळात होत नाही.

आता लसूण. 'तेलात लसणाच्या पाकळ्या व पावाचे तुकडे सोनेरी होईपर्यंत परता.' त्या 'सोनेरी'तला 'सो' अक्षरजुळणीत सुटला होता, तो त्यानेच घालून घेतला होता. पण सोनेरी म्हणजे कसा सोनेरी हे कुठे होतं? अंगठीसारखा? कणसासारखा? त्याने पाकळ्या तेलात सोडल्या आणि तो डोळ्यांत तेल घालून बघत राहिला. पांढरा. पांढरा. पांढराच. आणि बाहेर फोन वाजला.

"जरा लक्ष ठेव गं," म्हणत तो बाहेर धावला. मॅडमच होत्या, निघाल्या होत्या, कुठल्या वळणावर वळायचं ते विचारत होत्या, पाव घेतलाय म्हणाल्या, खरा तिकडच्यासारखा लांबोळका, बेकरीवाल्याशी भांडून मिळवला. त्या भांडणाची हकीगत लांबली. तो "हो, हो" करत होता आणि मग त्याच्या नाकाला ते कळलं. फोन तसाच टाकून तो आत आला. कढईतून काळा धूर वर चढत होता. पाकळ्यांचे कोळसे, पावाचे कोळसे. आणि कढईपासून चार पावलांवर, खुर्चीत, खाली मान घालून, ती एका भागाकाराला गुण देत होती.

त्याने गॅस बंद केला, खिडकी ढकलली. त्या आवाजाने तिने वर पाहिलं. आधी तिला त्याचा चेहरा दिसला, मग धूर. ती उठून उभी राहिली, गठ्ठा खाली पडला, भागाकार सगळीकडे झाले. "मला," ती म्हणाली, "मला काही कळलंच नाही हो. मी इथेच होते."

"जाऊ दे. लसूणच आहे."

"लसूण नाही." ती उंबरा ओलांडून आत आली आणि कढईवर वाकून तिने जोराने श्वास घेतला, एकदा, दोनदा, धूर डोळ्यांत जाऊन पाणी येईपर्यंत. मग ती वळली. "अहो, मला खरं सांगा. मी करते ते बरं असतं ना?"

'छान' हा शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसलाच होता. सहा महिन्यांची वाट त्याच्या पायाखालची होती. पण जळलेल्या लसणाचा वास साऱ्या घरभर भरला होता, आणि त्या वासात उभी राहून तीच एकटी विचारत होती. त्याला वाटलं, आता जर आपण 'छान' म्हटलं तर ही कायमची त्या वासाच्या बाहेर उभी राहील, आणि दार आपणच लावलेलं असेल.

"खारट असतं," तो म्हणाला. आणि मग त्याला राहवलं नाही. नेमकेपणा त्याच्या रक्तातच होता. "रोज नाही. आठवड्यातून चारदा. शुक्रवारी फार."

"कधीपासून?"

"तुझ्या तापापासून."

"आणि तुम्ही खात होतात?" तिचा आवाज चढला. "सहा महिने? मिटक्या मारत? अहो, मी शाळेत डबा नेते! सगळ्यांना वाटते! म्हणून त्या मुख्याध्यापिका माझा डबा उघडला की उठून जातात! मला वाटलं, बाईला गर्व आहे. मी तिच्याशी बोलणं सोडलंय!" ती खुर्चीवर बसली. राग होता, लाज होती, आणि दोन्हीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याच्याकडे बघायला तो घाबरत होता. "दुसऱ्यांच्या काना-मात्रा काढता तुम्ही. मला एक सांगता आलं नाही?"

"मला वाटलं, तू रडशील."

"मग?"

"मग..." त्याने हातातल्या झाऱ्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं तर आता काही सुचतही नव्हतं. "मग स्वयंपाक मला करावा लागेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी होतं ते तसंच राहिलं आणि त्याच्या खाली तोंड हसायला लागलं. दोन्हींची वेळ एकच आल्यामुळे तिला उचकी लागली. "नालायक आहात," ती उचकीतून म्हणाली. मग नाक पुसून तिने घड्याळाकडे पाहिलं. "पाऊण तास आहे. ती कढई घासा. दुसरा लसूण सोला. तुमच्याकडे नाक आहे आणि माझ्याकडे कान आहेत. बघू किती गुण होतात दोघांचे मिळून."

तेल तापलं. लसूण पडला. ती डोळे मिटून ऐकत होती. "आता बोलतोय बघा तो. पाणी आहे अंगात. बोलू दे. ... आवाज बारीक झाला की सांगते. ... वास कसा येतोय?"

"लसणाचा येतोय."

"ते मलाही ठाऊक आहे. कसा?"

बावीस वर्षं तो शब्दांना धरून होता; पण चुकलेल्या. बरोबर असलेल्याशी त्याचा कधी संबंधच आला नव्हता. "आधी... हिरवा होता," तो चाचरत म्हणाला. "टोचणारा. आता गोड व्हायला लागलाय. म्हणजे, रागावलेलं माणूस जेवायला बसल्यावर होतं तसा." "हं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "चालू ठेवा." जिरे पडले. "जुन्या लाकडी कपाटात डोकं घातल्यासारखा." लाल मिरचीची पूड पडली, ती धुरावर वाळवलेली होती, पाककृतीत तशीच हवी म्हटली होती म्हणून त्याने ती तीन दुकानं हिंडून आणली होती. "हा... पावसाळ्यात कपडे शेगडीवर वाळवायचे ना, तसा. आणि वर सायकलच्या दुकानासारखा थोडा." "सायकलचं दुकान कशाला आलं त्यात?" "आलं खरं." "पूड जळेल, शिरका घाला आता!" त्याने शिरका, म्हणजे व्हिनेगर, घातला, वाफ अशी नाकात चढली, की तो खोकतच मागे झाला. "याचा सांगता येणार नाही," तो म्हणाला, "हा वास नाहीये, ही थोबाडीत आहे." पाव आणि लसूण त्याने खलात कुटला, तिने पालक चण्यांत सोडला, कोण आत आणि कोण दारात हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि बेल वाजली तेव्हा दोघांच्याही कोपरापर्यंत पालक होता.

मॅडम पाव काखेत मारून आल्या. टेबलाशी बसल्या, वाफेवर वाकून डोळे मिटले, पहिला घास घेतला. तो त्यांच्या जबड्याकडे बघत होता. त्यांनी घास गिळला, किंचित थांबल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय हो."

ते 'छान' त्याने तत्काळ ओळखलं. ते त्याच्याच कारखान्यातलं होतं. एवढ्यात बायकोने घास घेतला, दोनदा चावला आणि सरळ म्हणाली, "अहो, यात मीठच नाहीये."

"असणारच. मी सगळं पाककृतीप्रमाणे..." तो म्हणाला आणि थांबला. त्याने डोळे मिटून पाककृती सुलट वाचली. मग उलट वाचली. चणे होते, पालक होता, जिरे, शिरका, सगळे स्वल्पविराम जागच्या जागी होते. मीठ कुठेही नव्हतं. अकरा वेळा त्याने तो मजकूर तपासला होता, आणि अक्षरांत चूक नसल्यामुळे पदार्थात चूक असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. "मॅडम," तो म्हणाला, "काबुली चण्यांची पाकिटं..."

"गुरुवारी छापून झाली," मॅडम म्हणाल्या. "साठ हजार."

मग मॅडम त्याच्याकडे, वाडग्याकडे, पुन्हा त्याच्याकडे बघू लागल्या. "अनुस्वारराव, तुम्ही हे आयुष्यात आजच पहिल्यांदा केलंत, हो ना? आपल्या पाकिटावरून?" त्याने मान हलवली. त्याला वाटलं, आता नोकरी गेली. मॅडमनी पावाचा तुकडा मोडला. "बरं झालं. नाहीतर साठ हजार घरांतली माणसं एकमेकांना 'छान, छान' म्हणत बसली असती. उद्याचं उद्या बघू. मीठ आणा आधी."

बायकोने मिठाचा डबा आणला, स्वतः घालायला गेली आणि मध्येच हात थांबवून तो त्याच्यापुढे केला. "तुम्ही घाला." त्याने चिमूट घातली, चाखलं, अर्धी चिमूट घातली. मॅडमनी पुन्हा घास घेतला आणि या वेळी काहीच बोलल्या नाहीत. दुसरा घेतला, तिसरा घेतला. वाडगा पावाने पुसून झाल्यावर म्हणाल्या, "शिरका जरा जास्त पडलाय. पण माझी घरमालकीण नवऱ्याशी भांडली की तिचंही असंच व्हायचं. अगदी त्या शुक्रवारचं आहे हे." दोघा नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं नाही. किलोभर चण्यांपैकी उरलेले मॅडम डबा भरून घेऊन गेल्या आणि तरीही मंगळवारपर्यंत पुरले.

नोकरी गेली नाही. पुढचे तीन दिवस छापखान्यातली झाडून सगळी माणसं, मॅडमसुद्धा, बाह्या वर सारून साठ हजार पाकिटांवर 'मीठ चवीनुसार' असा शिक्का मारत बसली होती, आणि विहिरीतल्या कासवाची गोष्ट त्या तीन दिवसांत सात वेळा झाली. घरी मिठाचा डबा त्याच्या ताब्यात आला. त्यामागोमाग, त्याने भाकीत केलं होतं तसंच, निम्मा स्वयंपाकही आला. तो काही फार सुधारला नाही. भात एकदा इतका लागला, की भांडंच टाकावं लागलं. पण ओट्याशी उभी राहून ती विचारायची, "हं, आता कसा?" आणि तो सांगायचा. मग ती नुसतं स्वयंपाकाचंच नाही, काहीही विचारू लागली. आज बसमध्ये कसा होता, शाईचा कसा असतो, नव्या पुठ्ठ्याचा? आणि तो दिवसभर हुंगत हिंडायचा, की संध्याकाळी घरी काय न्यायचं. मुख्याध्यापिकांशी तिने बोलणं सुरू केलं. कारण मात्र सांगितलं नाही. रात्री दिवा मालवल्यावर कधीकधी ती गप्प असायची, आणि ते गप्प बसणं काय आहे हे त्याला आता कळायचं. त्यावर काय बोलायचं ते अजूनही कळायचं नाही. पण निदान तो आता 'छान' म्हणत नव्हता. त्याची कूस तिच्याकडे वळलेली असायची, एवढंच.

सव्वा दोन महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी, छापखान्यातला फोन वाजला. टपालाच्या बाईंनी उचलला आणि त्याच्याकडे धरला. "वहिनींचा आहे. ओरडताहेत."

"काय गं? काय झालं?"

"अहो, आला! मला आला!"

"कोण आलं?"

"वास आला! वास!"

तो उभा राहिला. खुर्ची मागे पडली. यंत्रावरचा माणूस बघू लागला. "कसला?" त्याने विचारलं.

"गटाराचा!" फोनमध्ये तिचा आवाज फुटत होता. "शाळेच्या कोपऱ्यावर गटार उघडलंय, माणसं नाकाला रुमाल लावून पळताहेत, आणि मी आपली चालले होते, आणि एकदम... अहो, इतका घाण आहे! इतका घाण, की सांगता सोय नाही!"

"सांग ना. कसा आहे?"

"कुजका आहे. थांबा. अंड्यासारखा... गेला. अहो, गेला हो." काही क्षण नुसता रस्त्याचा आवाज, आणि त्यात तिचा श्वास, खोल, एकामागून एक. त्याने फोन कानाशी इतका दाबून धरला, की कान दुखायला लागला. छापखान्यात यंत्र कुणीतरी बंद केलं होतं. "नाही, आहे! आहे, आहे! आला परत!" मग कुणीतरी पुरुष तिला लांबून काहीतरी म्हणाला, बाई, बाजूला व्हा, काम झालंय आमचं, असं काहीसं, आणि तिने फोन बाजूला धरला असावा, कारण आवाज एकदम लांब गेला, पण प्रत्येक शब्द त्याला स्पष्ट ऐकू आला.

"अहो दादा, पाच मिनिटं थांबा ना. झाकण इतक्यात लावू नका."